मंडळाच्या खोलीतले पावणे

उंदीर सोडायचा तर नदीपलीकडं, हे अंजनाच्या घरात तिच्या लग्नाआधीपासून ठरलेलं होतं. मारायचा तर प्रश्नच नव्हता. जैनाचं घर ते. तिथं मुंगीसुद्धा साखर खाऊन सावकाश निघायची, मग उंदराला कोण हात लावणार? तिन्हीसांजेला पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवायचा, आणि सकाळी अंजनाचा नवरा भूपाल पंचगंगेला अंघोळीला निघाला की जाताना पिंजरा घेऊन जायचा आणि पावण्याला पोचवून यायचा.

एका सकाळी भूपाल पिंजरा विसरला. (भूपाल काय विसरत नाही हे सांगणं सोपं आहे. जेवण.) नदीहून तो परस्पर दुकानात गेला, आणि चुलीशेजारी पिंजऱ्यात उंदीर अन् पाळण्यात नेमू, अशी दोन लेकरं सांभाळत अंजना घरात राहिली.

आता उंदराला कोण एवढं भितं, असं कुणी म्हणेल. पण नेमूचा जन्मच प्लेगातला. त्या साली सगळी गल्ली घरं सोडून कसबा बावड्याच्या माळावर झोपड्या घालून राहिलेली. तिथंच अंजनाला कळा आल्या. सुईण गावात अडकली, आणि शेजारच्या लालबीमावशीनं कंदिलाच्या उजेडात पोर जगात आणलं. तेव्हापासून उंदराची शेपटी दिसली तरी अंजना नेमूच्या काखेत बोटं घालून गाठ आली का बघायची. नेमूला वाटायचं, आई गुदगुल्या करती. तो खदाखदा हसायचा, आणि पोर विनाकारण हसतंय म्हणून अंजनाची काळजी आणखी वाढायची.

शिवाय गल्ली सुधारणा मंडळाचा नियम होता. प्लेग पुन्हा येऊ नये म्हणून घरोघर पिंजरे लावायचे आणि सापडलेला उंदीर तालमीतल्या ज्ञानू पैलवानाच्या हवाली करायचा. ज्ञानू तो हौदात बुडवायचा. हा नियम मंडळाच्या फळ्यावर कुणी लिहिला होता? अंजनानंच. महाराजांनी पोरींना शाळा काढून दिल्या, त्यात अंजना सातवीपर्यंत शिकली, आणि गल्लीत मोत्यासारखं अक्षर तिचंच. म्हणून मंडळाचे प्रेसिडेंट बापूसो सांगायचे आणि अंजना पदर सावरून फळ्यावर खडूनं गल्लीच्या बातम्या लिहायची. कुणाकडं बारसं, कुणाची म्हैस व्याली, आडाचं पाणी कधी उपसणार, सगळं त्या फळ्यावर. आपण लिहिलेला नियम आपणच मोडायचा, हे तिच्या जिवाला लागायचं. पण लेखी नियम मोडला तर बापूसो ओरडणार आणि जीव घेतला तर वर हिशोब होणार. बापूसोंचा आवाज मोठा होता, पण वरपर्यंत पोचत नव्हता.

तर उंदीर चूंचूं करतोय, नेमू रडतोय, आणि सासू आक्का बस्तीत, म्हणजे जैन देवळात, गेलेली. अंजनानं दारातून बाहेर बघितलं. समोर मंडळाची खोली. पूर्वी तो कुणाचा तरी गोठा होता. आता कायम कुलूप, कारण मंडळाकडं आत ठेवायला काही नव्हतंच. खिडकीचा एक गज मोडलेला.

आजच्या दिवस, असं मनाशी म्हणत अंजनानं पिंजरा पदराखाली घेतला, गल्ली ओलांडली आणि पावण्याला खिडकीतून आत उतरवलं. घरी आल्यावर तिला वाटलं, उपाशी राहिला तर परत आपल्याच दारात येईल. म्हणून मूठभर जोंधळे नेऊन आत टाकले.

दुसऱ्या दिवशी भूपालला पिंजरा आठवला. (आठवू नये तेव्हाच आठवतं.)

"ऱ्हाऊ द्या," अंजना म्हणाली. "मी बघते."

"तू नदीला जाणार?"

"मी बघते म्हणलं न्हवं?"

भूपालनं जास्त विचारलं नाही. त्यालाही हात हलवत नदीला जाणं बरं वाटत होतं. आणि अंजनाला एक मोठी सोय सापडली होती. पिंजऱ्याचं झाकण संध्याकाळी खट्ट वाजलं की लगेच समोर नेऊन रिकामा करता येत होता. पोराच्या घरात रातभर उंदीर नको. पाप नको, प्लेग नको, फक्त मूठभर जोंधळे. तिला वाटलं, सातवी शिकल्याचा हा फायदा.

दिवस गेले. खोलीतल्या पावण्यांची बडदास्त अशी होती की त्यांतला एकही बाहेर पडला नाही.

मग लालबीमावशीच्या लेकीचं, हाफिजाचं, लग्न ठरलं. मुलगा मिरजेचा. लालबीचे मालक कुतुबुद्दीनचाचा तंबू शिवायचे. मोठमोठ्यांचे शामियाने त्यांच्या सुईखालून गेलेले. गल्लीत कुणाकडंही लग्न निघालं की मांडवाच्या कापडासाठी दुसऱ्या पेठेत हात पसरावा लागायचा, म्हणून मंडळानं मांजरपाट आणि लाल कापड आणलं आणि चाचांनी उन्हाळाभर अंगणात बसून मांडव शिवला. लाल-पांढरे पट्टे, कडेला झालर, मधोमध मोठं कमळ. मांडव गल्लीचा, पण पहिला मान हाफिजाचा. हाफिजानं मिरजेच्या होणाऱ्या नणंदांना आधीच सांगून ठेवलेलं, की आमच्या मांडवाकडं बघताना टोपी पडंल.

मांडव शिवून झाला तशी मंडळाची बैठक बसली, लग्नापर्यंत तो ठेवायचा कुठं हे ठरवायला. पुरुष तालमीच्या अंगणात, बायका दाराआड.

"माझ्या घरी शेळ्या हायत," कुतुबुद्दीनचाचा म्हणाले. "त्यास्नी झालर लई आवडती."

"माझ्याकडं धान्याची पोती," बापूसो म्हणाले. "धान्य तिथं उंदीर. मंडळाच्या खोलीत ठिवूया की."

"तिथं उंदीर न्हाईत?" ज्ञानूनं विचारलं.

"खोलीत दाणा न्हाय, माणूस न्हाय. उंदीर तिथं कशाला जाईल, भजनाला?"

सगळे हसले. दाराआड अंजनानं तोंड उघडलं. मग शेजारी बसलेल्या आक्काकडं बघितलं आणि मिटलं. आत्ता बोललं तर काय होईल? नियम लिहिणारीनंच मोडला, हे गल्लीला कळेल. फळा हातचा जाईल. आणि ज्यांची माणसं प्लेगात गेली, ती म्हणतील की ह्या बाईनं आमच्या दारात उंदीर पाळले. तिला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं.

"अंजना," बापूसोंनी दाराकडं बघून हाक दिली, "फळ्यावर लिव. मांडव मंडळाच्या खोलीत सुरक्षित ठेवला हाय."

अंजनानं लिहिलं. 'सुरक्षित' लिहिताना खडू मोडला.

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. खिडकीशी कान लावला की आतून कुरुकुरु ऐकू यायचं. किल्ली बापूसोंच्या करगोट्याला. ती बापूसोंबरोबर अंघोळीलासुद्धा जायची. शेवटी अंजनाला उपाय सुचला. लालबीमावशीची मांजर, बिजली. काळी-पांढरी, आणि हल्ली चांगली गरगरीत झालेली. अंजनाला वाटलं, मावशीकडं खाणंपिणं बरं असतं, त्यानं सुटली असंल. (स्वतः बाळंत होऊन दोन वर्षंसुद्धा न झालेल्या बाईला असं वाटलं, हे इथं नोंदवून ठेवलेलं बरं.)

मागावी, तर मावशी विचारणार कशाला. म्हणून अंजनानं वाटीत साय घेतली, बिजलीला चुचकारत आणलं आणि खिडकीतून आत सोडलं. आत जराशी धावपळ झाली. कायतरी पडलं. मग चिडीचूप. कुरुकुरु बंद. अंजना घरी येऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी लालबीमावशी दारात उभी.

"पोरी, खडू घे. फळ्यावर लिवायचं हाय. बिजली घावंना."

अंजनाला खडू घ्यावाच लागला. मावशी फळ्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सांगू लागली.

"लिव. रंग काळा-पांढरा. शेपूट जाड. स्वभाव माझ्या सासूसारखा."

"मावशी, स्वभाव कशाला?"

"वळखायला नको? आन लिव, दूध दिल्याबिगर जवळ येत न्हाय."

"लिहिलं."

"आन लिव, पोटुशी हाय. आज-उद्या व्याची. कुणाच्या घरात असली तर हाकलू नका, पाप लागंल."

अंजनाचा हात फळ्यावरच थांबला.

"काय गं? पोटुशी लिवता येत न्हाय?"

"येतंय की," अंजना म्हणाली, आणि तिनं ते लिहिलंही. अक्षर तेवढं पहिल्यांदाच वाकडं आलं.

मावशी गेल्यावर तिनं खिडकी गाठली. आत अंधार. अंधारातून बारीक बारीक म्याव ऐकू आलं. एका गळ्यातलं नव्हतं ते. आणि त्याच दिवशी बापूसो शिरोळला पावण्यांकडं गेलेले, करगोट्यासकट.

बाळंतिणीला उपाशी कसं ठेवायचं? अंजनानं गाडग्याला दोरी बांधली आणि दूध आत सोडायला सुरुवात केली. एकदा ती खिडकीत हात घालून उभी असताना ज्ञानू मागं येऊन उभा राहिला.

"वहिनी, काय शोधताय?"

"खडू पडला आत."

"बापूसो आलं की काढून देतो."

"नको," अंजना म्हणाली. "छोटाच हुता."

ज्ञानूनं दोरीकडं बघितलं, अंजनाकडं बघितलं आणि तो व्यायामाला निघून गेला. पैलवान माणूस, फार विचार करायची सवय नाही. अंजनानं त्याबद्दल देवाचे आभार मानले.

लग्नाच्या आदल्या सकाळी मांडव घालायला गल्ली गोळा झाली. बापूसोंनी किल्ली काढली. कुतुबुद्दीनचाचा नवी टोपी घालून आलेले. हाफिजा आईच्या मागं, हळदीच्या अंगानं, नुसतं लांबनं बघायला म्हणून. अंजना नेमूला काखोटीला मारून कोपऱ्यात.

दार उघडलं.

मांडवाची घडी भिंतीशी होती. वरच्या पदरांची जाळी झालेली. कमळाच्या पाकळ्या कुरतडून त्यांचा लाल चुरा घडीच्या मधोमध गोळा केलेला, आणि त्या मऊ गादीवर बिजली पिलांना पाजत पडलेली. तिनं एकदा डोळे उघडून सगळ्या मंडळाकडं बघितलं आणि परत मिटले.

"या अल्ला," लालबीमावशी म्हणाली, आणि धावत जाऊन मांजरापाशी बसली. "बिजले, हितं हाईस व्हय गं."

कुतुबुद्दीनचाचांनी झालरीचं एक टोक हातात घेतलं आणि त्यातून बोटं आरपार घातली.

बापूसो लाल झाले. "उंदीर. पर हितं आलं कुठनं? दाणा न्हाय, माणूस न्हाय."

ज्ञानू वाकून जमीन बघत होता. "बापूसो, दाणा हाय. ही बघा जोंधळं."

"उंदरांनी आणली असतील."

"उंदीर घरातनं शिदोरी बांधून निघत्यात व्हय?"

कुणीतरी हसलं. हाफिजा हसली नाही. ती आईच्या मागून वाकून त्या चुऱ्याकडं बघत होती, आणि तिच्या हळदीच्या गालावरून पाणी खाली येत होतं. अंजनानं ते बघितलं, आणि इतके दिवस गळ्यात अडकलेलं आपोआप बाहेर पडलं.

"जोंधळं मी घातली," ती म्हणाली.

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली.

"उंदीरबी मीच सोडलं. खिडकीतनं. मारवंना म्हणून. मग मांडव ठिवला, म्हणून मांजरबी मीच सोडली. ती पोटुशी हाय हे मला ठावं नव्हतं."

"गाडगं?" ज्ञानूनं दोरी उचलून विचारलं.

"तेबी माझंच. दुधाचं."

"आणखी काय ऱ्हायलंय?" बापूसो म्हणाले. "हत्ती?"

आक्का पुढं आली. तिनं सुनेकडं डोळे बारीक करून बघितलं. "जोंधळं आपल्या कणगीतली व्हय? आन मी म्हणत हुते, सून एवढी खाती, पर अंगाला लागत कसं न्हाय."

कुतुबुद्दीनचाचांनी झालर खाली ठेवली. आवाज चढवला असता तर अंजनाला बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "कापड पुन्हा शिवता येतं, पोरी. हाफिजाचं लगीन एकदाच व्हतंय."

ते वाक्य अंजनाच्या काळजात जाऊन बसलं आणि कायमचं तिथंच राहिलं.

तरी बापूसोंना अजून आशा होती. खालच्या घड्या चांगल्या असतील, मांजर उचला, जेवढा मिळंल तेवढा मांडव घालू, असं ते म्हणाले. पण लालबीमावशीनं मान हलवली. "बाहीवर मांजर निजली तर बाही कापावी, मांजर उठवू नये, असं आमच्यात सांगत्यात. ही तर बाळंतीण हाय."

"बाळंतिणीला हलवायचं न्हाय," आक्कानंही ठोकून सांगितलं. दोन म्हाताऱ्या एका बाजूला झाल्यावर प्रेसिडेंटचं काय चालणार. खोलीचं दार लोटून घेतलं, आणि मांडव मांजरीला राहिला.

दिवसभर लालबीमावशी अंजनाशी बोलली नाही. अंजना दारात बसून होती. माळावरच्या झोपडीत ह्याच बाईनं आपल्याला धीर दिला, आणि आपण तिच्या लेकीच्या डोक्यावरचं कापड उंदरांना घातलं. तिनं नेमूच्या काखेत बोटं घातली. नेमू हसला. ह्या वेळी तिला रडू आलं.

उन्हं उतरताना मावशी दारात आली. "तुझा लग्नातला शालू दे."

अंजनानं पेटीच्या तळातून शालू काढून दिला. बाहेर बघते तर घराघरातून बायका लुगडी घेऊन निघालेल्या. चाचांनी अंगणात बसून एकाला एक जोडायला घेतलेलं. अंजना सुई घेऊन पुढं झाली. कुणी तिला बस म्हटलं नाही, तशी ऊठही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हाफिजाचा निकाह त्या लुगड्यांच्या मांडवाखाली लागला. हिरवं, जांभळं, आक्काचं ठिगळाचं, आणि मधोमध अंजनाचा शालू. आक्काच्या लुगड्यातल्या एका भोकातून ऊन नेमकं काझीसाहेबांच्या डोळ्यांवर येत होतं, त्यामुळं ते सगळा वेळ एक डोळा मिटून होते, आणि मिरजेच्या पावण्यांना वाटलं की काझी नवऱ्यामुलाला डोळा मारताहेत.

निघताना हाफिजानं अंजनाचा हात धरला. "सासरी इचारलं तर सांगीन वहिनी, आमच्या गल्लीत मांडव बायकांच्या लुगड्याचाच घालत्यात."

चांगलं बोलली पोर. पण गाडी हलल्यावर तिनं पडदा बाजूला करून एकदा मंडळाच्या खोलीकडं बघितलं. ते आपल्याला दिसू नये म्हणून अंजना खाली वाकली, आणि तरीही तिला दिसलं.

राहिला मंडळाचा न्याय. बापूसोंनी बैठक बोलावून ठरवलं की घडली ती चूक सगळ्यांना कळावी म्हणून फळ्यावर लिहायची. मग प्रश्न आला, लिहायची कुणी. बापूसोंना सही येत होती. ज्ञानूला तीही नाही. शेवटी खडू अंजनाच्याच हातात आला.

तिनं मन लावून लिहिलं. 'कळविण्यास फार वाईट वाटते की, भूपाल यांची पत्नी अंजना हिने मंडळाचा नियम मोडून उंदीर न मारता जिवंत सोडले, त्यांस दररोज जोंधळे घातले, व त्यामुळे गल्लीचे न भरून येणारे नुकसान झाले. तिला मनापासून पश्चात्ताप होत आहे.' शेवटच्या ओळीवर पाण्याचा थेंब पडून एक अक्षर पुसलं, ते तिनं पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. शिव्या ऐकायची तयारी करून अंजनानं कडी काढली. बाहेर बापूसोंची बायको चिमणाबाई, पदराखाली काहीतरी धरून.

"फळा वाचून घेतला," ती हळूच म्हणाली. "आमच्या ह्यास्नी सांगू नकोस. त्यांनी नियम केला, पर तो चूंचूं करायला लागला की माझा हात पुढं हुईना." आणि तिनं पदराखालून पिंजरा काढून उंबऱ्यावर ठेवला.

तिच्या मागं आणखी दोघी होत्या. त्यांच्या मागं पलीकडच्या गल्लीतल्याही. सगळ्यांनी पिंजरे उंबऱ्यावर ठेवले आणि त्या भरभर निघून गेल्या. अंजना बघत राहिली. नाही म्हणायला तोंड उघडायचं, तर कुठल्या तोंडानं?

तेव्हापासून रोज सकाळी गल्ली असं दृश्य बघते. पुढं भूपाल हात हलवत अंघोळीला, मागं अंजना, काखेत नेमू, दोन्ही हातांत पिंजऱ्यांची माळ, पंचगंगेच्या वाटेवर. नदीपलीकडं जाते, एकेक झाकण उघडते, आणि मांडवातलं ते कमळ आठवून प्रत्येकाला सांगते की बाबा, आता परत येऊ नकोस.

परवा ती अशीच निघाली होती, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या धोंडुबाईनं हाक मारून थांबवलं आणि आपला पिंजरा तिच्या करंगळीला अडकवला.

"अंजना, ह्यो जोंधळं खात न्हाय बरं का. डाळ आणलीस का संगं?"

"न्हाय ओ, मावशी."

"मग उद्यापास्नं आणत जा," धोंडुबाई म्हणाली, आणि घरात शिरता शिरता मागं वळली. "आन पिंजरा घासून दे. काल तसाच दिलतास."